सासरेबुवांची पावाची पुडी

टोरगेर हाउगेनचे सासरे त्याच्याकडे जेवायला यायचे ते कोटाच्या आतल्या खिशात पावाची पुडी घालून. नऊ वर्षं हा नेम चुकला नव्हता. आता पावाची पुडी आम्हा नॉर्वेच्या लोकांना काही नवी नाही. पोर बालवाडीत जायला लागल्यापासून ते माणूस निवृत्त होईपर्यंत दुपारच्या वेळी प्रत्येकाच्या पिशवीतून मेणकागदात गुंडाळलेले पावाचे तुकडे निघतात. पण ती पुडी कामावर न्यायची असते, डोंगरावर न्यायची असते. लेकीच्या घरी, मेणबत्त्या लावून मेज मांडलेलं असताना ती बाहेर काढायची नसते. इंगेब्रिग्ट काढायचे. आधी मेजावरून सावकाश नजर फिरवायचे, मग विचारायचे, "हे आणलं कुणी?"

"मीच. दुकानातून," टोरगेर म्हणायचा.

मग कागदाचा चुरचुर आवाज यायचा आणि जेवण सुरू व्हायचं.

इंगेब्रिग्ट यांनी सारा जन्म जंगलात झाडं पाडण्यात घालवला होता. जे खायचं ते कुणी मारलं, कुणी पकडलं, कुणी खुडलं हे ठाऊक असल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पावाचं पीठ कुठल्या शेतातलं हेसुद्धा त्यांना माहीत असायचं. दुकानाला तोंड नसतं, म्हणून दुकानावर विश्वास नाही. आणि जावई तर नगरपालिकेच्या नकाशा विभागात बसणारा. रानावनाच्या नकाशांवर खिडकीशी बसून रेघा ओढणं हे त्याचं काम. सासरे त्याला नावाने हाक मारत नसत. "काय नकाशेवाले, आज कुठला डोंगर हलवलात?" असं अगदी अहोजाहो करून विचारत. ते अहोजाहो टोरगेरला फार लागायचं.

ईस्टरच्या सुटीत सगळे डोंगरावरच्या केबिनमध्ये जमले असताना गोष्ट निघाली ती सासऱ्यांच्या पंचाहत्तरीची. ऑक्टोबरातला पहिला रविवार. टोरगेर संत्रं सोलत होता. सोलता सोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "पंचाहत्तरी आमच्या घरी. आधी सॅमन मासा, मग एल्ग हरणाचा स्टेक, वर अळंब्या आणि रानातल्या लाल बेऱ्या. सगळं मी स्वतःच्या हाताने आणलेलं. बाबा, त्या दिवशी पुडी आणायची नाही."

त्याची बायको गुनवोर हिने विणकाम मांडीवर ठेवलं.

"आणीन मी पुडी," इंगेब्रिग्ट म्हणाले. "लागली नाही तर परत नेईन."

एवढंच. पण त्या क्षणापासून टोरगेरच्या आयुष्याला एकच ध्येय उरलं. ती पुडी जशी आली तशी, न उघडता, परत गेली पाहिजे.

एप्रिलात त्याने गळ घेतला, कंबरेपर्यंत येणारे रबरी बूट घेतले, आणि पहिला दाखला मिळवायच्या मागे लागला. आमच्या ह्येल्ड्रा नदीत सॅमन धरायचा तर सरकारचा परवाना लागतो, नदी मंडळाचा वेगळा लागतो, आणि वर सामान जंतुनाशकात बुडवून काढल्याचा दाखला लागतो, म्हणजे दुसऱ्या नदीतला रोग इकडे येऊ नये. नदी मंडळाचा सचिव आर्नफिन. शिकारीच्या टोळीचा म्होरक्याही तोच, कारण आमच्या नोर्दवाल गावात ज्याला एक काम जमतं त्याच्या गळ्यात बाकीची आपोआप पडतात.

"माझं सामान कोरं आहे," टोरगेर म्हणाला. "अजून पाणी बघितलेलं नाही त्याने."

"तसं लिहून आण."

"कुणाकडून?"

"जिथे बुडवतात तिथून. ते बुडवतात आणि लिहून देतात."

टोरगेरला राग आला, पण आतून बरंही वाटलं, कारण कागदाला कागद लागतो ही गोष्ट त्याला पटण्यासारखी होती. त्याने कोरे बूट बुडवले, वाळवले आणि दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला.

जून गेला, जुलै गेला. मंडळाचा नियम असा की मासा मिळो न मिळो, रोज संध्याकाळी नोंद द्यायची. ती नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाबाहेरच्या फळ्यावर लागते. गावातली बाई दूध आणायला गेली की आधी फळा वाचते. त्या फळ्यावर एकवीस वेळा "हाउगेन, टोरगेर: शून्य" असं लागलं. दुसरा एखादा खोटं बोलला असता, किंवा निदान नोंद द्यायला विसरला असता. पण टोरगेर सरकारी माणूस. त्याने एकवीसही वेळा शून्य वेळेवर कळवलं.

शेजारच्या बेर्ग्ल्यूतबाई या शाळेत चाळीस वर्षं स्वयंपाक शिकवून निवृत्त झालेल्या. त्या रोज कुंपणापाशी उभ्या राहायच्या.

"तू माशांशी बोलतोस का रे?"

"नाही."

"मग बरोबर. काही लोक बोलतात, आणि मासे पळतात."

"मी बोलत नाही तरी येत नाहीत."

"मग बोलून बघ," बाई म्हणाल्या.

बाविसाव्या संध्याकाळी मासा लागला. चांगला हातभर, चंदेरी, पाठीला निळसर झाक. आर्नफिन पलीकडच्या काठावरून पुलाचा वळसा घालून आला, गुडघे टेकून बसला आणि माशाकडे पार जबड्यापासून शेपटीपर्यंत बघितलं.

"मादी आहे."

"खात्रीने?"

"जबडा बघ. या वर्षी मादी सोडायची. नियम तुला माहीत आहे."

टोरगेरला नियम माहीत होता. मार्चमध्ये त्याच नियमाचं पत्रक नगरपालिकेच्या यंत्रावर छापून निघालं होतं, आणि कागद अडकला तेव्हा तो यानेच सोडवला होता. त्याने सॅमनला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, ती सावध झाली आणि निघून गेली. जाताना शेपटीचं पाणी त्याच्या तोंडावर उडालं. फळ्यावर लागलं, "हाउगेन, टोरगेर: एक. सोडली."

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, हंगाम बंद व्हायला दोन तास उरले असताना, दुसरा लागला. हा नर. तीन किलोंचा. टोरगेरने नियमाप्रमाणे दोन-चार खवले पाकिटात घालून तपासणीला पाठवले, मासा साफ केला, फ्रीझरमध्ये ठेवला आणि त्या रात्री तो फार वर्षांनी घोरत झोपला, असं गुनवोर सांगते. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. मासा नदीचा नव्हता. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा पिंजऱ्यात वाढवलेला, तिथून निसटलेला होता. म्हणजे जो दुकानात जायचा तो चुकून नदीत आला आणि टोरगेरच्या गळाला लागला. हेही फळ्यावर लागलं, तारखेसकट. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर सासरे भेटले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि दूध घेऊन गेले.

"आता सगळी भिस्त एल्गवर," टोरगेर बायकोला म्हणाला.

"तुला बंदूक धरता येत नाही," गुनवोर म्हणाली.

"हाकारा म्हणून जाईन. हाकाऱ्यालाही वाटा मिळतो."

एल्गच्या शिकारीत बंदुकवाले आपापल्या जागी दबा धरून बसतात आणि हाकारे दुसऱ्या टोकाकडून काठ्या बडवत, ओरडत चालत येतात, म्हणजे ते थोरलं हरिण त्यांच्यापुढे चालतं होतं. यात कौशल्य एवढंच की सरळ चालायचं आणि आपण कुठे आहोत हे सगळ्यांना कळत राहिलं पाहिजे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, आर्नफिनने टोरगेरला जुन्या गिरणीपाशी उभं केलं.

"इथून दलदलीपर्यंत. मध्ये रान दाट आहे. वाट माहीत आहे ना?"

टोरगेर हसला. वाट माहीत आहे का म्हणे. त्या भागाचा नकाशा त्यानेच केला होता. तीन वर्षांपूर्वी विमानातून काढलेल्या फोटोवर त्याला स्प्रूसच्या झाडांमधून एक बारीक फिकट रेघ दिसली होती, ती त्याने पायवाट म्हणून स्वतः आखली होती, तिला क्रमांक दिला होता, आणि साहेबांनी त्यावर सही केली होती. तो कंपास न घेता निघाला.

शंभरेक पावलांवर वाट सापडली. तिच्यात पाणी होतं. टोरगेरने विचार केला, पाऊस झाला असेल. आणखी पुढे पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पोटरीपर्यंत, आणि चांगलं खळखळत वाहू लागलं. दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं असतं की ही वाट नसून ओढा आहे. टोरगेरच्याही आलं. पण नकाशावर ती वाट होती, आणि नकाशा त्याचा होता. तो ओढ्यातून काठी बडवत, "हो, हो" ओरडत तासभर चालला. एका गुळगुळीत दगडावरून पाय घसरला आणि वॉकीटॉकी पाण्यात गेला. ओढा डावीकडे वळला तसा तोही वळला, आणि दलदल उजवीकडे राहून गेली.

तिकडे आर्नफिनने तीनदा हाक दिली, उत्तर नाही. माणूस रानात नेमका कुठे आहे हे ठाऊक नसताना गोळी झाडता येत नाही. त्याने शिकार थांबवली. आठ शिकारी बंदुका रिकाम्या करून आपापल्या जागी बसले, थर्मासातली कॉफी ओतून घेतली. साडेअकराच्या सुमारास एक दांडगा एल्ग त्यांच्यापुढून, हाकेच्या अंतरावरून, सावकाश चालत गेला. एक जण तर सांगतो की जाताना त्याने थांबून त्यांच्याकडे पाहिलं.

आणि टोरगेर त्या वेळी आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर जागेत उभा होता. ओढा संपतो तिथे एक उतार होता, दक्षिणेचं ऊन घेणारा, वर जुने बर्च, खाली मऊ शेवाळ. आणि शेवाळात पिवळ्या अळंब्या. एक-दोन नाही. सगळा उतार पिवळा होता. कडेला दगडांमधून लाल बेऱ्यांची झुडपं. टोरगेरने भिजलेल्या बुटांसकट गुडघे टेकले. त्याला खरोखर रडू आलं, आणि ते कुणाला दिसायचं नसल्यामुळे त्याने ते येऊ दिलं.

मग त्याला कप दिसले. बर्चच्या एका तुटक्या फांदीवर दोन एनॅमलचे कप लटकत होते, एक निळा आणि एक पांढरा, लाल कडेचा.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे माणूस परक्याला घराची किल्ली देईल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. भावाला नाही, लेकीला नाही. मरताना सांगतात असं म्हणतात, पण अनेकांना ऐन वेळीही सांगवत नाही आणि जागा त्यांच्याबरोबर जाते. जंगल सगळ्यांचं आहे, कुणीही कुठेही खुडावं असा कायदा आहे, पण कायदा वेगळा आणि लटकवलेले कप वेगळे. ही जागा कुणाची तरी होती हे टोरगेरला लख्ख कळलं. त्याने बराच वेळ उभं राहून विचार केला. शेवटी त्याने स्वतःची समजूत कचेरीच्या भाषेत घातली. कपांची कुठेही नोंद नाही. नोंद नाही म्हणजे दावा नाही.

लहान अळंब्या त्याने सोडल्या, मोठ्या खुडल्या. हाकाऱ्याच्या भगव्या बंडीचं गाठोडं करून त्यात भरल्या. बेऱ्यांना भांडं नव्हतं, म्हणून लाल कडेचा कप काढला, भरला आणि मनाशी ठरवलं की पंचाहत्तरी झाली की परत आणून टांगायचा. निघण्यापूर्वी त्याने जागेची खूण डोक्यात पक्की केली. या एका बाबतीत तरी तो पक्का होता.

तो दलदलीपाशी उगवला तेव्हा एक वाजला होता.

"कुठे होतास?" आर्नफिनने विचारलं.

"वाटेने आलो."

"कुठल्या?"

"आहे एक."

आर्नफिनने त्याच्या कमरेपर्यंत भिजलेल्या पँटकडे आणि फुगलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. "पस्तीस वर्षं शिकार करतोय," तो म्हणाला, "पण एल्गचा जीव वाचवणारा हाकारा पहिल्यांदा बघितला."

दुसऱ्या दिवशी एल्ग पडला. टोरगेरला त्या दिवशी गाडीपाशी थर्मास सांभाळायला बसवलं होतं. तरी वाटा त्याला मिळाला, कारण आमच्याकडे वाटे चिठ्ठ्या टाकून होतात आणि चिठ्ठीला कोण कुठे बसला होता हे कळत नाही. मांडीचा चांगला तुकडा निघाला. फक्त एल्ग म्हातारा होता. आर्नफिन दात बघून म्हणाला की हा बहुधा मला ओळखत असेल.

रविवारी दुकानाशेजारच्या टपरीत अळंब्यांची तपासणी असते. विषारी कुठली, खाण्याची कुठली, हे सांगायला परीक्षा दिलेला माणूस बसतो. आमच्याकडे त्या बेर्ग्ल्यूतबाई. त्यांनी टोरगेरच्या अळंब्या एकेक करून उलटवल्या, वास घेतला आणि चष्मा काढला.

"कुठे मिळाल्या रे?"

"जंगलात."

बाईंनी मान हलवली आणि नोंदीच्या कागदावर "ठिकाण" या रकान्यात "जंगल" असं लिहिलं. त्यांच्या फायलीत वीस वर्षांचे कागद आहेत. सगळ्यांवर जंगल आहे. एकावर फक्त "बाहेर" आहे.

मांस चार दिवस मुरलं तरी नरम येईना. मग सल्ले सुरू झाले. बेर्ग्ल्यूतबाई म्हणाल्या, ताकात बुडव, जुनिपरची फळं ठेचून घाल आणि लाटण्याने बडव. आर्नफिन म्हणाला, ताक म्हणजे त्या जनावराचा अपमान, त्याला लोणी आणि तापलेला तवा, बस. बाई म्हणाल्या, तव्यावर टाकलास तर त्याचे बूट होतील. टोरगेरने दोघांचंही ऐकलं. शनिवारी त्याने मांस ताकातून काढलं आणि लाटण्याने बडवलं, इतकं की खालच्या मजल्यावरून गुनवोर विचारायला आली की भिंत पाडतोयस का. रविवारी सकाळी ते लोण्यात परतलं, आणि तरी दातांना दाद देईना म्हणून झाकण घालून मंद आचेवर बसवलं. चार तास. स्टेक करायला घेतला होता, तो हळूहळू रस्सा होत चालला होता.

सॅमनचं वेगळंच. तो भट्टीत मावेना. आडवा घातला तर शेपूट दाराबाहेर, तिरका घातला तर डोकं. टोरगेरने कचेरीतून आणलेल्या फुटपट्टीने दोन्ही मापं घेतली आणि मधोमध कापला. दोन अर्धे दोन खेपांना शिजले. ताटात जोडून ठेवले आणि सांध्यावर शेपूची दाट रेघ घातली.

"त्याचा पट्टा बांधलेला वाटतोय," गुनवोर म्हणाली.

"दिसतं का?"

"नाही सांगितलं तर नाही."

मग तिचा आवाज खाली आला. "अरे, बाबा गुरुवारपासून कसेसेच आहेत. सकाळी टोपली घेऊन बाहेर पडले होते, रिकामे परत आले. विचारलं तर बोलत नाहीत. कुणीतरी मेल्यासारखे बसून आहेत."

टोरगेर सॉसमध्ये तपकिरी चीज किसत होता. त्याने फार लक्ष दिलं नाही. त्याला दुसरीच काळजी होती.

दुपारी पाचला इंगेब्रिग्ट आले. सुटाच्या आतल्या खिशात पुडीचा चौकोन स्पष्ट दिसत होता. आर्नफिन आला, बेर्ग्ल्यूतबाई आल्या. मेणबत्त्या लागल्या. सॅमन आला.

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. "हा तो पळून आलेला का?"

"हो," टोरगेर म्हणाला. खोटं बोलून उपयोग नव्हता, फळा सगळ्यांनी वाचला होता.

"आणि हा पट्टा कशाचा?"

"शेपू."

इंगेब्रिग्ट यांनी काट्याने शेपू बाजूला केला, सांधा पाहिला आणि परत झाकला. मग एक बारीक तुकडा घेतला. "पिंजरा सोडून नदीत आला, म्हणजे त्याला काही तरी अक्कल होती," असं म्हणून खाल्ला. पण दुसरा घेतला नाही. हात खिशाकडे गेला नव्हता, एवढंच.

मग एल्ग आला. रस्सा दाट, तपकिरी, वर चार तासांनी का होईना पण मऊ झालेलं मांस, भोवती लोण्यात परतलेल्या पिवळ्या अळंब्यांचा ढीग. शेजारी उकडलेले बटाटे. आणि गुनवोरने बेऱ्या त्याच लाल कडेच्या कपात ठेवून मेजाच्या मधोमध आणून ठेवल्या, कारण तिला तो कप गोड वाटला होता.

इंगेब्रिग्ट यांनी काटा उचलला आणि थांबले. आधी अळंब्यांकडे पाहिलं. मग कपाकडे. त्यांचा चेहरा असा झाला की बेर्ग्ल्यूतबाईंनी विचारलं, "घास अडकला का?"

"नाही. अजून घेतलाच नाही."

"अळंब्या काय सुरेख आहेत," आर्नफिन म्हणाला. "टोरगेर, आता तरी सांग. कुठे मिळाल्या?"

"जंगलात."

"त्याला कुठे माहीत असणार? हरवला होता तो," बाई म्हणाल्या.

"याला माहीत नाही?" गुनवोर हसली. "हा आणि माहीत नाही? रानात दगड दिसला तरी घरी येऊन नकाशावर टाकतो. ही जागासुद्धा एव्हाना कचेरीच्या संगणकात गेली असेल. पुढच्या वर्षी सगळ्या गावाला दिसेल."

इंगेब्रिग्ट यांचा हात खिशाशी गेला. टोरगेरने तो जाताना पाहिला. सहा महिने, एकवीस शून्यं, एक ओढा आणि एक सॅमन दोनदा शिजवून शेवटी पुडी निघणारच होती. पण हात तिथेच राहिला. म्हाताऱ्याने जावयाकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती. टोरगेरने सासऱ्यांच्या डोळ्यांत भीती कधी पाहिली नव्हती, आणि त्या क्षणी त्याला सगळं कळलं: गुरुवारची रिकामी टोपली, कप, उतार, सगळं.

"टाकलीत?" इंगेब्रिग्ट यांनी विचारलं. "नकाशावर?"

"नाही," टोरगेर म्हणाला. "तिथे नकाशावर टाकण्यासारखं काही नाही."

कुणाला त्यात विशेष काही वाटलं नाही. आर्नफिन बटाटे मागत होता. इंगेब्रिग्ट यांनी खिशाशी गेलेला हात काढून घेतला, काटा उचलला, अळंबी, मांस, रस्सा असा मोठा घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मग ताट पुढे केलं.

"अजून वाढ," ते म्हणाले.

गुनवोरच्या हातातला डाव तसाच राहिला. नऊ वर्षांत हे शब्द त्या घरात ऐकू आले नव्हते.

जेवणानंतर टोरगेर भांडी विसळत असताना सासरे स्वयंपाकघरात आले. दार लावून घेतलं. ओट्यावरचा रिकामा कप उचलून त्याची कड अंगठ्याने पुसली.

"हा मागनहिल्डचा," ते म्हणाले. मागनहिल्ड म्हणजे सासूबाई, त्यांना जाऊन सात वर्षं झाली होती. "निळा माझा. तीस वर्षं आम्ही दोघं तिथे कॉफी प्यायलो. गुनवोरला सांगायचो, दुकानात जातोय."

"बाबा, मला माहीत नव्हतं. मी परत टांगणार होतो."

"गुरुवारी बघितलं तर एकच कप. अळंब्या गेल्याचं काही नाही, त्या येतात. कप गेला म्हणून मी तिथे बसूनच राहिलो."

टोरगेर हातात ओलं ताट धरून उभा होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो खरं तेच बोलला. "ओढ्यातून गेलो. माझ्या नकाशावर ती वाट आहे. चुकीची. मीच काढली."

"म्हणजे ती रेघ धरून गेलं तर कुणीही तिथे पोचेल?"

"बुटात पाणी जाऊ द्यायची तयारी असेल तर."

"मग पूस ती."

"तशी नाही पुसता येत. अर्ज लागतो."

इंगेब्रिग्ट यांनी कप परत ओट्यावर ठेवला आणि निघून गेले. कोट घालताना पुडीचा चौकोन जसाच्या तसा होता. गुनवोर दारात उभी राहून त्या चौकोनाकडे बघत राहिली आणि मग तिने नवऱ्याचा गाल ओढला.

सोमवारी सकाळी नऊला नकाशा विभागाच्या खिडकीपाशी इंगेब्रिग्ट उभे होते. रविवारचाच सूट. त्यांनी आयुष्यात या इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं, आणि ठेवणार नाही असं अनेकदा बोलून दाखवलं होतं. त्यांनी अर्ज मागितला. टोरगेरने दिला. ते बाकावर बसून, जीभ दाताखाली धरून, मोठ्या अक्षरांत लिहीत राहिले. वीस मिनिटांनी कागद खिडकीतून आत आला.

विषय: पायवाट रद्द करणे. क्रमांक बरोबर होता. खाली "कारण" या रकान्यात लिहिलं होतं: तिथे काही नाही.

टोरगेरने अर्ज दोनदा वाचला. "साक्षीदार दोन लागतात," तो म्हणाला. "ज्यांनी ती जागा प्रत्यक्ष पायी बघितली आहे असे. नियम आहे."

"एक मी."

"आणि दुसरा?"

इंगेब्रिग्ट खिडकीतून त्याच्याकडे नुसते बघत राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाई फोनवर बोलत होत्या. टोरगेरने पेन घेतलं आणि सासऱ्यांच्या सहीखाली, तिथे काही नाही याची साक्ष देणारी आपली सही केली. शिक्का मारला, तारीख घातली. सरकारी कागदावर जाणूनबुजून खोटं लिहिण्याची ती त्याची पहिली वेळ.

इंगेब्रिग्ट यांनी आतल्या खिशातून पुडी काढली, सोडली आणि दोनातला एक तुकडा खिडकीतून आत सरकवला. वर तपकिरी चीज होतं.

"शनिवारी सातला ये, टोरगेर," ते म्हणाले. "कप आण. गुनवोरला सांग, दुकानात जातोय."